सुरी टांग

खाटकाच्या दुकानात दाराजवळच्या भिंतीवर जाड खिळ्यांची रांग होती. त्या खिळ्यांना त्या घरात जेवढा मान होता तेवढा माणसांना नव्हता.

आजोबांच्या काळी दोन गडी थट्टेथट्टेत भांडले, हातात सुऱ्या होत्या, आणि एक जण जागीच गेला. तेव्हापासून नियम पडला. आवाज चढवायचा तर आधी सुरी खिळ्याला टांगायची. ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्यावर हात टाकायचा नाही. खाटीक हे गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा. "तेव्हापासून आमच्या दुकानात शस्त्राने कुणाला ओरखडासुद्धा आलेला नाही." खोटं नव्हतं ते. जे काही व्हायचं ते हाताने व्हायचं.

आणि हात म्हणजे काय हात! मेंढराचा सांधा तो सुरी न लावता नुसता पिळून मोकळा करायचा. थोरल्या पोराचा डावा कान त्याच हाताने गेला होता. शाळेत वरच्या वर्गांचे विषय निवडायची वेळ आली तेव्हा थोरला म्हणाला, चित्रकला घेतो. बाप म्हणाला, "सुरी टांग." पोरगं गुणी, त्याने निमूट टांगली. त्यापुढचं त्याला अर्धंच ऐकू आलं, आणि तेव्हापासून सगळंच अर्धं ऐकू यायला लागलं. आई त्याच आठवड्यात माहेरी गेली ती परत आलीच नाही. थोरला शाळा सोडून दुकानात उभा राहिला. दोन माणसांचं काम एकटा करायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

तेव्हा धाकटी बहीण त्याचं बोट धरून दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांच्या भिंतीवर कानाचं चित्र होतं. आत गोगलगाईसारखं काहीतरी वेटोळं घालून बसलेलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढी हाडं. माणसाच्या डोक्यात एवढं नाजूक काही असतं आणि बाबा त्यावर हात टाकतात, याचा तिला इतका संताप आला की ती रडायचंच विसरली. हे शिकायचं, तिने तिथेच ठरवून टाकलं. पोरी लहानपणी काय वाटेल ते ठरवतात. ही त्यावर टिकली.

आता विषय निवडायची पाळी तिची होती.

शाळेने बोलावलं तरी खाटीक गेला नाही, म्हणून विषय ठरवायला मदत करणाऱ्या बाईच दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी ओंडक्याशी उभी राहून खांद्याचं मांस हाडापासून सोडवत होती. तिचा हात चांगला चालायचा, ते बापाचंच देणं होतं.

"शाळा पास व्हायला भाषा, गणित आणि एखादं विज्ञान पुरतं," बाई म्हणाल्या. "पण वैद्यकीय कॉलेजात जायचं तर रसायन आणि जीवशास्त्र दोन्ही लागतात, तेही दोन्ही वर्षं. आत्ता सोडलं तर मागून धरता येत नाही. आणि तुम्ही म्हणता तो हिशेबाचा तास नेमका जीवशास्त्राच्याच वेळेला आहे. दोन्हीतलं एकच मिळेल. उद्या दुपारी नावनोंदणी बंद होते. घरातल्या मोठ्या माणसाने येऊन सही करायची."

"हिशेबच लिहा, बाई," खाटीक म्हणाला. बाहेरच्या माणसाशी बोलताना त्याच्या जिभेवर साखर असायची. "गल्ल्यावर बसायला बेडूक फाडता यावा लागत नाही."

"पण तिला मार्क चांगले आहेत हो. तिचं मन—"

"तिचं मन मी ओळखतो. बाप आहे मी." त्याने चांगला तुकडा बघून कागदात गुंडाळला आणि पुढे केला. "हे घरी न्या."

बाईंनी पुडा घेतला नाही. त्या धाकटीकडे बघत राहिल्या. धाकटीने मान वर केली नाही. "उद्या दुपारपर्यंत," बाई दारातून पुन्हा म्हणाल्या आणि गेल्या. शहाणीसुरती बाई, पण पाठ वळली की दुकानात काय होतं हे तिला कुठून कळणार?

खाटकाने शटर अर्ध्यावर ओढलं. कंबरेची सुरी काढून खिळ्याला टांगली, फडक्याने हात पुसले.

"बाईला घरी बोलवतेस? मला अडाणी ठरवतेस चारचौघांत?" तो अगदी हळू बोलत होता. "सुरी टांग."

थोरला मागच्या मोरीत घमेली धुवत होता. तो थांबला. हे दोन शब्द त्याला एका कानानेही बरोबर ऐकू यायचे.

सुरी टांगली की काय होतं हे धाकटीला तोंडपाठ होतं. आणि न टांगली तर काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी तसं केलंच नव्हतं.

"काम संपायचंय, बाबा," ती म्हणाली, आणि मांस कापत राहिली.

खाटीक गडबडला. खरंच गडबडला. पुढे आला, मागे गेला. नियम त्याच्या बापाचा होता, आणि बापापुढे त्याचीही कधी मान वर झाली नव्हती.

"टांग म्हणतो ना!"

"मी जीवशास्त्र घेणार." सुरी चालत होती म्हणून तिचं तोंडही चाललं, आणि एकदा चाललं ते थांबेना. "हिशेब मला येतो, त्याला शाळा कशाला? दादाचा कान तुम्ही फोडलात. डॉक्टरला सांगितलंत, पडला. आई गेली, लोकांना सांगितलंत, तब्येतीसाठी गेली. मला तो कान शिकायचाय, बाबा. तुम्ही काय मोडलंत ते मला बघायचंय."

तळपायाची आग मस्तकाला गेली, तरी खाटीक जागचा हलला नाही. त्याची नजर ओंडक्यावर होती. खांदा संपत आला होता. हाड पांढरं दिसायला लागलं होतं. मांस संपलं की सुरी टांगावीच लागणार, एवढा हिशेब त्याला येत होता.

धाकटीलाही तो कळला. ती बारीक बारीक तुकडे करायला लागली, कुणी मागत नाही इतके बारीक.

तेवढ्यात थोरला मोरीतून उठला. कोल्डरूममध्ये गेला, एक अख्खी मांडी खांद्यावर टाकून आणली आणि धप्पकन बहिणीपुढे ओंडक्यावर ठेवली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घमेली धुवायला परत वळला.

त्याच्या हातात सुरी नव्हती.

खाटकाचा पंजा त्याच्या उजव्या कानावर पडला तो आवाज ओली गोणी फरशीवर आपटावी तसा होता. थोरला घमेल्यांवर कोसळला. बापाने लाथ घातली. पोटात, मग पाठीत, मग जिथे बसेल तिथे. "माझ्या विरुद्ध जातोस? माझं खाऊन?" थोरला डोकं दोन्ही हातांत धरून फरशीवर गोल गोल फिरत होता, आणि बोटांमधून रक्त येत होतं.

"बाबा, कान सोडा! त्याचा कान सोडा!"

धाकटी मध्ये घुसली. सुरी हातात तशीच होती. तिला वाटलं, सुरी दिसली की ते थांबतील, नियम आहे. खाटकाला वाटलं, पोरगी आहे, सुरी खाली घेईल. बापलेकीचा एकमेकांवर विश्वास होता तो तेवढाच. बापाचा हात वरून आला. तिने सुरी उगारली नाही. पण खाली घेतलीही नाही.

पातं तळहातात शिरलं आणि मनगटाशी बाहेर आलं. खाटकाने ते बघितलं आणि हात मागे ओढला, तिथेच चुकला. आयुष्यभर मांस कापलेल्या माणसाला ओढल्याने काय होतं हे कळायला हवं होतं. भिंतीवर, खिळ्यांवर, टांगलेल्या सुऱ्यांवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. तो गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा हाताकडे बघत राहिला. धाकटीने फडकं घेतलं आणि सगळा जीव एकवटून त्याचं मनगट आवळलं. दया म्हणून नव्हे. त्याने तिथे मरायला तिला नको होतं, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. खाटकाने पोरांकडे बघितलंही नाही.

"काम करताना सुरी निसटली."

दुकानाचं नाव त्याने अजून राखलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण शिरा तुटल्यात, या हाताची मूठ आता वळायची नाही. धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. बाकावर बसलेल्या भावाकडे मात्र तिच्याने बघवत नव्हतं. नर्स त्याला नाव विचारत होती, पुन्हा पुन्हा, दर वेळी मोठ्याने. तो तिच्या ओठांकडे बघून कसनुसं हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दोघं शाळेत हजर झाली. थोरल्याचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं होतं.

"वडील आले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"दवाखान्यात आहेत. दादा मोठा आहे. त्याची सही चालेल ना?"

बाईंनी त्या पट्ट्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. चालेल, म्हणाल्या, आणि थोरल्याला सगळं समजावून सांगू लागल्या. भाषा, गणित, रसायन, जीवशास्त्र. तो नको तिथे मान हलवत होता.

"अभ्यास अवघड आहे. चिरफाड करावी लागते. रक्ताला घाबरत नाही ना ती?"

"हो," थोरला हसून म्हणाला.

"नाही घाबरत," धाकटी घाईने म्हणाली.

बाईंनी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. मोठी, वळणदार, चित्रकाराची सही. मग तो बहिणीकडे वळला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की कचेरीतली सगळी माणसं माना वळवून बघायला लागली.

"मिळालं का गं तुला पाहिजे ते?"

"हो, दादा," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिने मान हलवली.