सहा आकडे

सोनमच्या मोबाइलवर मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बिराप्पामामांचा संदेश आला. कराडच्या स्टँडजवळच्या दुकानात ती तेव्हा गिऱ्हाइकाच्या फोनला नवी काच बसवत होती. संदेश लेखी होता : ‘चुकून माझा सहा अंकी नंबर तुमच्या फोनवर आला आहे. लवकर पाठवा.’

सोनमने हातातली काच खाली ठेवली. बिराप्पामामा म्हणजे सासरच्या माणसांबरोबर दरवर्षी माणदेशातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरणारे धनगर. त्यांना लिहिता येत नव्हतं. जे काही सांगायचं ते फोनला तोंड लावून, खोकत खोकत बोलून पाठवायचे. याचा अर्थ उघड होता. कुणीतरी त्यांच्याकडून सहा आकडे काढून घेऊन त्यांचं व्हॉट्सॲप बळकावलं होतं, आणि आता त्यांच्या नावानं पुढच्या माणसाचे आकडे मागत होतं.

मामांच्या ओळखीतल्या सगळ्यांनाच असा संदेश गेला असणार, आणि त्यात फसण्यासारखं पहिलं माणूस कोण, हे सोनमला लगेच कळलं. तिची सासू, रंगुबाई.

नवा फोन सोनमनंच आठ दिवसांपूर्वी तिला दिला होता. नंबर मात्र जुनाच ठेवला. अठरा वर्षं तोच नंबर चालला होता आणि माणपासून मसूरपर्यंतच्या साठ-सत्तर शेतकऱ्यांकडं तो होता. ऊस तुटला, सोयाबीन निघालं की शेतकरी त्यावर फोन करायचे आणि मग खतासाठी मेंढरं कुणाच्या रानात किती दिवस बसवायची ते ठरायचं. सहा महिन्यांची सगळी वाट त्या एका नंबरावर. तो चोराच्या हाती गेला आणि त्यानं रंगुबाईच्या नावानं दहा शेतकऱ्यांना जरी लुबाडलं, तरी पुढच्या साली बांधावर कोण उभं करून घेणार होतं?

फोन देताना सोनमनं सगळं समजावून सांगितलं होतं. बोटाच्या ठशाचं कुलूप लागेना. दोरखंड ओढून आणि काटेरी फांद्या तोडून रंगुबाईच्या बोटांवर ठसाच उरला नव्हता. मग फोनला आकड्यांचं कुलूप लावलं. मेसेजमध्ये आलेला आकडा कुणाला सांगू नका, हे चारदा बजावलं. रंगुबाई तेव्हा एका लंगड्या कोकराकडं बघत होती.

“आत्या, ऐकताय न्हवं?”

“आकडा सांगायचा न्हाई. येवढंच न्हवं का? त्यात काय शिकायचंय?”

सोनमला तेव्हाच धास्ती वाटली होती. आता तिनं फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. मालकाला सांगून तिनं स्कूटर काढली.

मेंढरं कोपर्ड्याच्या पुढं, तुटलेल्या उसाच्या फडाशेजारी होती. पंचवीस मिनिटांत ती बांधावर पोचली. रंगुबाई घोंगडीवर बसली होती, फोन समोर धरून, आवाज मोठा करून. पलीकडून एक तरुण गोड आवाजात बोलत होता.

“आजी, मी बिराप्पाकाकांचा पुतण्या. तुमच्या मेसेजमध्ये आकडे आलेत ना?”

“आल्यात की.”

सोनम पुढं झेपावली. रंगुबाईनं नुसता हात वर केला. नवरा चुकीच्या वाटेनं मेंढरं वळवायला लागला की ती असाच हात करायची. सोनम जागेवर थांबली.

“किती आहेत आजी?”

“हायेत थोडंफार. देवाची किरपा.”

“बरं, पहिला कोणता आहे?”

“पयला बरा हाय. जरा वाकडा हाय, पर बरा हाय.”

“आजी, आकडा सांगा ना! दोन आहे का? सात आहे?”

“आसंल की बाबा. तुज्या मनात हाय त्यो आसंल.”

“आणि शेवटचा?”

“त्यो मागनं येतुय. मागचं कवाबी हळूच येत्यात.”

सोनमनं तोंडावर ओढणी धरली. पलीकडचा आवाज आता गोड उरला नव्हता.

“आजी, काका अडचणीत आहेत! लवकर सांगा!”

“आरं लेकरा, काका अडचणीत हायेत तर तू माज्याशी काय बोलत बसलाय? जा की त्येंच्याजवळ. जेवलास का सकाळपासनं?”

फोन कट झाला.

“पस्तीस मिंटं धरून ठिवला हुता मुडद्याला,” रंगुबाई म्हणाली. “तू आलीस आन् हसलीस, त्येला ऐकू गेलं बग.”

“आत्या, फोन बंद करायचा की! एखादा आकडा तोंडातनं गेला असता तर?”

“कसा जाईल?” रंगुबाईला खरंच आश्चर्य वाटलं. “आगं, लगीन होऊन आल्यापासनं जो भेटल त्यो इचारतुय, बाई, मेंढरं किती? कवा कुणाला सांगितलं का? आकडा सांगितला की कळपाला नजर लागती. पाटील इचारतुय, फौजदार इचारतुय, मोजणीवाला सायेब झाडाखाली बसून इचारतुय. सगळ्यास्नी बोलायचं, चा पाजायचा, आन् आकडा न्हाई द्यायचा. ह्यो तर फोनवरचा. ह्येला चा बी लागला न्हाई.”

“पण ओळखलं कसं? नाव तर बिराप्पामामांचंच आलं.”

“म्हणूनच तर वळाकलं. बिराप्पा धनगर हाय. त्यो माज्याकडं आकडा मागंल व्हय? त्येच्या आज्यानं कवा मागितला न्हाई.”

सोनम घोंगडीच्या कडेला टेकली. दुकानात ती रोज हेच समजावत असे. शिकलेली, पगारी माणसं मान डोलवत आणि महिन्याभरानं रडत परत येत. इथं कुणी आकडा विचारला हीच संशयाला पुरेशी खूण होती.

“पर पस्तीस मिनिटं कशाला बोलत बसलात?”

“माज्याशी बोलतुय तवर दुसऱ्याला फोन करल का? तिकडं बग.”

बाभळीमागं सासरा धुळा उभा होता. कानाला जुना बटणांचा फोन. त्यात सगळ्या शेतकऱ्यांचे नंबर होते, आणि तो एकेकाला तेच वाक्य सांगत होता : बिराप्पाच्या नावानं काय मागितलं तर द्याचं न्हाई, त्यो आपला बिराप्पा न्हवं. एकोणचाळीस फोन झाले होते.

चाळिसावा फोन लालासाहेबांना लागला. फौजेतून सुभेदार होऊन आलेले ऊसवाले बागायतदार. परवा मेंढरं त्यांच्याच रानात बसायची होती. धुळानं फोन बायकोपुढं धरला.

“रंगुबाई, आवं बरं झालं!” लालासाहेब ओरडूनच बोलत. “मेंढरं आजारी हायेत, आठ हजार पाठवा, आसा मेसेज आलाय बिराप्पाचा. मी चष्मा शोधत हुतो पाठवायला. आन् आत्ता कळलं, त्यो दुसराच हाय!”

“चष्मा गावला न्हाई न्हवं?”

“न्हाई!”

“मग आज शोधूच नगा. परवाचं पक्कं हाय न्हवं आपलं?”

“पक्कं म्हंजे! तुमी फोन केला न्हाईतर बुडालोच हुतो. चार दिस जादा बसवा मेंढरं.”

फोन ठेवून रंगुबाई सोनमकडं वळली. “आता बिराप्पाचं सांग. सकाळपासनं भाकरीला शिवला न्हाई म्हणं त्यो.”

सोनमनं खरं ते सांगितलं. मामांच्या फोनवर नवा आकडा मागवून खातं परत घेता येईल. पण चोरानं व्हॉट्सॲपच्या आत आपलं सहा आकड्यांचं वेगळं कुलूप घातलं असेल तर सात दिवस थांबावं लागेल. पोलिसांच्या सायबर मदतीच्या क्रमांकावर तक्रार ती आताच करते.

“कुलूप? आपुन आधीच घातलं आसतं तर?”

“तर आकडा देऊनही त्याला आत येता आलं नसतं.” सोनमची मान खाली गेली. “मी तुम्हाला ते घालून दिलं नव्हतं, आत्या. तुम्हाला झेपायचं न्हाई वाटलं.”

रंगुबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग फोन तिच्या हातात दिला. “घाल. मग त्या वरच्या रानातल्या धनगरांच्या वाड्यावर जाऊ. नऊ बायकांकडं आसला फोन हाय.”

सोनमनं पडद्यावर ती जागा काढून दिली. “तुमच्या मनातले सहा आकडे टाका. लक्षात राहतील असे.”

“तू तिकडं बग.”

सोनम नदीकडं तोंड करून उभी राहिली. त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत ती आणखी नऊ वेळा तशीच उभी राहिली, आणि दर वेळी आपणहून.