बावीस बिल्ले

जावयाने फळ्यावरून तळहात असा झपकन फिरवला, की बावीसच्या बावीस बिल्ले एका दमात लाल बाजूवरून पांढऱ्या बाजूवर उलटले. खिळ्यांवर पत्रा खणखणला, गुहेतून चिखलाने माखून बाहेर आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या, आणि फळ्याशेजारी स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी तोंडात आलेला शब्द गिळून टाकला.

"झालं, आई. सगळे बाहेर," जावई म्हणाला. "एकेकाला कशाला ताटकळत ठेवायचं? खाली चहा गार होतोय."

पाहुणे कुठल्याशा कचेरीतले होते, सहलीला आलेले. ते हसत-खिदळत पायवाटेने खाली बसकडे निघाले.

बिल्ल्यांचा तो फळा म्हणजे सासूबाईंचं राज्य होतं. गुहेत जाणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर. आत जाताना आपला बिल्ला आपल्या हाताने लाल करायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हाताने पांढरा. नवऱ्याने बायकोचा नाही, आईने लेकराचा नाही. एकदा एका बड्या साहेबाने आपला बिल्ला शिपायाकरवी उलटवला होता, तर सासूबाईंनी त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावला होता. साहेब धापा टाकत वर आला, बिल्ला उलटला आणि जाताना चक्क 'सॉरी' म्हणून गेला. जावई इथे वाटाड्या म्हणून लागल्यापासून सगळं साहसकेंद्र त्यांना सासूबाई म्हणू लागलं होतं. नाव आत्ता पडलं, स्वभाव आधीपासूनचाच आहे, असंही लोक त्यांच्या माघारी म्हणत.

पण साहेबाला दटावणं वेगळं आणि जावयाला दटावणं वेगळं. गेल्या वर्षी लेक भांडून माहेरी आली होती आणि पाच महिने राहिली होती. रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून पडायची. तीन महिन्यांपूर्वी जावई स्वतः येऊन तिला घेऊन गेला, तिला इथल्याच ऑफिसात चिकटवलं, आणि मोडता मोडता संसार पुन्हा उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, कामाला वाघ होता, फक्त कुणी चारचौघांत चूक काढली की त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. आपण इथे एक शब्द बोलायचा आणि तो तिकडे लेकीला ऐकून घ्यावा लागायचा, अशी धास्ती सासूबाईंच्या मनात घर करून बसली होती. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं खालचा स्वयंपाकी त्यांना चिडवायचा. त्या हसून सोडून द्यायच्या. स्वतःचा बिल्ला तर जावयाने कधी घेतलाच नव्हता. "मी काय पाहुणा आहे?" असं तो म्हणे. जावयासारखा पाहुणा दुसरा कोण, हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. तेही त्यांनी कधी दिलं नव्हतं.

चाराला वीस कमी असताना त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला. खाली ऑफिसात लेक होती.

"आई, फळा?"

"पांढरा."

"सगळे बाहेर?"

सासूबाईंनी फळ्याकडे पाहिलं. बावीस पांढरे ठिपके. सगळे अगदी सारखे.

"सगळे," त्या म्हणाल्या.

लेक आता वीजघराला कळवणार होती. वीजघर डोंगराच्या वरच्या अंगाला होतं. रोज चार वाजता तिथले दरवाजे उघडत, आणि सोडलेलं पाणी पंचवीस मिनिटांत डोंगराच्या पोटातून गुहेत येई. गुहेत आत एक मोठं दालन होतं, उंच कट्टे असलेलं. त्याला सगळे दिवाणखाना म्हणत. दिवाणखान्यातून बाहेर यायला एकच रस्ता होता, सरपटी. चाळीस पावलं लांब, जेमतेम कमरेएवढी उंच, गुडघ्यांवर रांगत यायची वाट. पाण्यालाही तोच रस्ता होता. पाणी आलं की पंधरा-वीस मिनिटांत सरपटी छतापर्यंत भरायची आणि थेट रात्री रिकामी व्हायची.

फोन ठेवून त्यांनी आवराआवर सुरू केली. शिरस्त्राणं पुसून टांगली. गमबूट धुऊन उलटे ठेवले. पाहुण्यांनी आपली पादत्राणं ज्या फळीवर ठेवलेली असत, ती झाडायला त्या गेल्या आणि झाडू हातातच राहिला.

फळीवर बुटांचा एक जोड होता. तपकिरी, चामड्याचा, घरून पॉलिश करून आणलेला. आत मोजे नीट घडी घालून ठेवलेले.

कुणी विसरलं असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. पण गमबूट काढून ठेवल्यावर अनवाणी बसपर्यंत कोण जाईल? त्यांनी धुतलेले गमबूट मोजले. एकवीस जोड. पुन्हा मोजले. एकवीसच. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांनी वीजघराचा नंबर फिरवला.

"पाणी बंद करा," त्या म्हणाल्या. "आत माणूस आहे."

"कोण आहे?" पलीकडचा माणूस जेवणानंतरच्या सुस्तीत होता. "आत्ताच तर तुमच्या ऑफिसातून सगळे बाहेर म्हणून सांगितलं. फळा काय म्हणतो?"

"फळा पांढरा आहे."

"मग झालं तर. बाई, चालू केलेलं असं मध्येच बंद करता येत नाही. वरती जाब द्यावा लागतो."

"फळा खोटा आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "माझ्या डोळ्यांदेखत खोटा झाला आणि मी गप्प बसले. जाब मी देईन, माझं नाव लिहून घ्या. पण बंद करा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लांबून एक भोंगा. मग तो माणूस परत फोनवर आला, आता पुरता जागा झालेला.

"बंद केलंय. पण तेरा मिनिटांचं पाणी गेलंय, बाई. ते काही मला परत बोलावता येणार नाही."

तेरा मिनिटांचं पाणी सरपटीत किती चढतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर कुणी दरवाजे उघडून इतक्या लवकर बंद केलेच नव्हते.

त्यांनी ऑफिसचा फोन लावला. "जावईबापूंना वर पाठव. पळत. एक पाहुणा आत राहिलाय."

"हे तर केव्हाचेच वर आलेत," लेक म्हणाली. "पावणेचारलाच. बसमध्ये एक जण कमी भरला, तो जावक विभागातला कारकून. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. हे म्हणाले, तो लघवीला थांबला असेल, मी बघून येतो. आई, तुला दिसले नाहीत का?"

सासूबाईंनी मान वळवली. गुहेच्या तोंडाशी मोठा दिवा टांगायचा खिळा होता. खिळा रिकामा होता. मागच्या बाजूला त्या गमबूट धुवायला बसल्या होत्या, तेव्हाच तो आत गेला असणार. चोरपावलांनी, आपल्याच कामाच्या जागी.

"आई? बोल ना."

"फोनपाशी बस," सासूबाई म्हणाल्या. "हलू नकोस. मी सांगितल्याशिवाय वीजघराला काही कळवायचं नाही."

लेकीने पुढे काय विचारलं, ते त्यांनी ऐकलं नाही. दोर खांद्यावर टाकला, दुसरा दिवा घेतला आणि त्या सरपटीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. ओढ्याचं पाणी रोजच्यासारखं घोट्याएवढं होतं. त्या वाकल्या आणि त्या काळ्या भोकात ओरडल्या. हाक आत गेली ती गेलीच.

आत शिरावं, असं अंगातला कण न् कण सांगत होता. पण एकट्या माणसाने आत जायचं नाही, बाहेर कुणी उभं असल्याशिवाय मुळीच नाही, हा नियम त्यांनीच शेकडो लोकांकडून घोकून घेतला होता. आपण आत अडकलो तर लेकीला काय कळणार? तिला फक्त पांढरा फळा दिसणार. त्यांनी दोराचं एक टोक भिंतीतल्या कडीला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि दिवा सरपटीत हात पोचेल तितका आत नेऊन एका खडकावर ठेवला. आतून येणाऱ्याला निदान तोंड कुठे आहे ते दिसावं. आणखी करण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षांत त्यांना बाहेर उभं राहणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

दोघे दिवाणखान्यात असले तर कट्ट्यावर चढून बसतील. भिजतील, कुडकुडतील, पण जगतील. सरपटीत असले तर? त्या पुढचा विचार करायला धजेनात. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, भिंतीकडे तोंड केलेला. तिचा संसार टिकावा म्हणून आपण गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानेच तिच्या कपाळावर आता काय लिहिलं जाणार होतं?

आधी वारा आला. सरपटीतून थंडगार, ओलसर वारा सुटला आणि दिव्याची ज्योत आडवी झाली. मग कुठेतरी खोल, जातं फिरावं तसा आवाज. मग पाणी. घोट्यावरचं पोटरीवर आलं, पोटरीवरचं गुडघ्यावर. खडकावरचा दिवा एकदा डुचमळला आणि विझला. सासूबाई अंधारात छत चाचपडत उभ्या राहिल्या. पाणी आणि छत यांच्यात हातभर अंतर होतं. मग त्याहून कमी. मग त्यांनी वीत लावली तर वीतभरच उरलं होतं. त्या देवाचं नाव घ्यायला गेल्या, पण तोंडातून जावयाच्याच नावाची हाक निघाली, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, घसा फाटेस्तोवर.

त्या वीतभर फटीत उजेड हलला.

सगळ्यात आधी एक चेहरा आला, वर केलेला, नाक छताला घासत. सासूबाईंनी त्याची मानगूट धरली आणि असेल नसेल तेवढ्या जोराने ओढलं. कारकून होता. तोंडातून पाणी ओकत तो त्यांच्या अंगावर कोसळला. एक पाय त्याला टेकवता येत नव्हता.

"मागे आहेत," तो कसाबसा म्हणाला. "मला ढकलत होते."

मागे कुणी नव्हतं. उजेडही नव्हता. सासूबाईंनी खांद्यापर्यंत हात त्या पाण्यात घातला. एक, दोन, तीन, चार, त्या मोजत राहिल्या. अकराला बोटांना कापड लागलं. त्यांनी ते मुठीत आवळलं आणि दोरावर सगळा भार टाकून मागे झुकल्या.

जावई बाहेर आला तो निळा पडलेला. बराच वेळ नुसता खोकत राहिला. पाणी अजून वीतभरावरच होतं. मग हळूहळू, कुरकुरत, उतरायला लागलं.

तिघे बाहेरच्या कोरड्या दगडावर येऊन बसले. कारकून आपला सुजलेला घोटा धरून सारखी माफी मागत होता. पाय मुरगळला तेव्हा हाक मारायची होती, पण सगळ्यांचा खोळंबा झाला असता. वाटलं, जरा बसावं, आपोआप बरं होईल. मग दिवा विझला आणि हाक मारायची लाज वाटली. सासूबाईंनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, फोनवर लेकीला "दोघेही बाहेर आहेत, जिवंत आहेत" एवढंच सांगितलं, आणि तिचं रडणं संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

मग त्या जावयाजवळ येऊन बसल्या.

"मी इथेच होते," त्या म्हणाल्या. "मागे, वीस पावलांवर. पाणी सुटायच्या आधी. नुसतं म्हणाला असतात तर एका फोनचं काम होतं."

जावयाचे दात वाजत होते.

"तुम्हाला सांगायची भीती वाटली, आई," तो म्हणाला. "बिल्ले मीच उलटवले होते ना. म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत त्याला काढून आणतो."

सासूबाई ओल्या पदराचं पाणी पिळत राहिल्या.

"मला तीन महिने तुमची भीती वाटतेय," त्या म्हणाल्या.

जावई हसला. सासूबाई कधी नव्हे ते थट्टा करताहेत, असं त्याला वाटलं. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू थांबलं.