दोन महिन्यांची सुट्टी

ताजुद्दीनने टेप लावून मुलांचा दुमजली पलंग मोजला आणि तिथल्या तिथे विचारलं, "दत्ताराम भाई, बच्चे संडे को जा रहे हैं ना? तो मंडे को खोल के ले जाऊँ?"

दत्तारामने त्याचा दंड धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कायमचा गावी जाणारा माणूस सौदीतल्या जेद्दात पलंग, फ्रिज, शिलाई मशीन ओळखीतल्यांना विकतो, आणि आधी येईल त्याचा माल. म्हणून ताजुद्दीन शुक्रवारची नमाज आटोपून तडक आला. चूक त्याची नव्हती. दत्तारामने साऱ्या जेद्दाला सांगितलं होतं, फक्त पोटच्या पोरांना सांगायचं ठेवलं होतं.

पाच वर्षांचा शर्विल जमिनीवर मोटार फिरवत बसला होता. त्याला काही कळलं नाही. दहा वर्षांच्या अवनीला कळलं. जेद्दात वाढलेल्या मुलीला पलंग विकण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मुलांची आई हेमलता गेल्या वर्षी काविळीने गेली. तेव्हापासून दत्ताराम पहाटे एसी बसवायला निघाला की मुलांना वरच्या मजल्यावरची कृष्णाबाई सांभाळायची. आता तिच्या नवऱ्याचीच नोकरी खलास झाली होती. ती गावी जाताना मुलांना गुहागरला आत्याकडे सोडणार होती, आणि दत्ताराम खोली सोडून कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात जाणार होता. मुलांना त्याने सांगितलं होतं, दोन महिन्यांची सुट्टी.

तो चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेला. अवनी मागोमाग आली.

"बाबा, शाळेत आम्ही ती जंगलाची स्टोरी केली होती. बाबा मुलांना लाकडं आणायला नेतात आणि तिथंच सोडून येतात."

"आत्याकडे काय जंगल हाय काय? घर हाय, गाय हाय."

"ते बाबा निदान जंगलापर्यंत तरी जातात. तुम्ही एअरपोर्टवरूनच परत येणार."

दत्तारामला रजा मिळत नव्हती, ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील ऐकत नव्हता, कॅम्पात पोरांना घेत नव्हते. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही त्याला पोरीच्या तोंडावर बोलवेना. चहा उतू गेला. हेमलता गेली तेव्हा रडायला चार माणसं सोबत होती. आज ओट्याशी तो एकटाच रडला. अवनीने गॅस बंद केला.

"शर्विलला सांगू नका," ती म्हणाली. "तो विमानात रडेल. मला आवरणार नाही."

रविवारी कंपनीच्या व्हॅनमधून विमानतळाकडे जाताना शर्विल काचेला नाक लावून बसला होता. चौकातली ती अवाढव्य लोखंडी सायकल दिसली तसा तो ओरडला, "ताई, ये याद रख! वापस आते टाइम यहीं से टर्न है।"

"ठेवलं लक्षात."

पुढे निळ्या घुमटाची मशीद आली, मग पेट्रोल पंप. प्रत्येक खुणेला तो बजावायचा आणि अवनी म्हणायची, ठेवलं लक्षात. गाडी चालवता चालवता दत्ताराम ऐकत होता. असा रस्ता कधी संपू नये असं त्याला वाटत होतं, आणि लवकर संपला तर बरं असंही.

विमानतळावर कृष्णाबाईने पासपोर्ट पर्समध्ये टाकले. "भाऊजी, जावा आता तुम्ही. उभं राहिलात की पोरांचा पाय निघायचा नाही."

शर्विलने दत्तारामची पँट धरली. "बाबा, आप लेने आओगे ना?"

दत्तारामने तोंड उघडलं. इतके दिवस सुट्टी, सुट्टी म्हणून सहज खोटं बोलणाऱ्या माणसाला या एका प्रश्नाला साधा हुंकारही देता येईना. शर्विल वाट बघत होता. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"येणार आहेत," अवनी म्हणाली. "मी विचारलंय त्यांना."

तिने भावाचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं, त्याचा हात धरला आणि बापाकडे न बघता कृष्णाबाईच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिली.