चहाचा प्रसंग

सून जेसिकाने विरारच्या दुकानातून त्या जुन्या सिनेमाची सीडी आणली, आणि त्याच रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतल्या परतल्या क्लाराबाईंनी ती लावायला सांगितली.

तीसेक वर्षांपूर्वी, लग्नाआधी, वसईकडच्या निर्मळ गावच्या या क्लाराने एका हिंदी हेरपटात काम केलं होतं. शत्रूची हेर, नायकाच्या चहात विष कालवणारी. हिंदीत गावाकडचा हेल येतो म्हणून तिच्या तोंडी दुसऱ्याच बाईचा आवाज घातला गेला. सिनेमा तुफान चालला, अजूनही लोक त्याचं नाव काढतात. क्लाराबद्दल मात्र एका वर्तमानपत्राने छापलं, ‘आवाज मधाचा, चेहरा लाकडाचा.’ ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे काम मिळालं नाही. तिने रॉबर्टशी लग्न केलं, शाळेत शिकवलं, आणि त्या सिनेमाकडे पाठ फिरवली. बायकोला वाईट वाटेल म्हणून रॉबर्टनेही तो कधी पाहिला नाही.

"आता कशाला उकरून काढतेस?" तो म्हणाला. "कोणाला पडलंय त्याचं?"

"मला पडलंय. मी लाकूड होते की नाही, ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय मला. असले तर तसं म्हणेन."

बागेतलं गाणं आलं. पडद्यावरच्या क्लाराला हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं. जेसिकाने हसू दाबलं.

"हस गं, वाईटच केलंय मी ते."

मग चहाचा प्रसंग. आवाज हुंदके देत होता आणि चेहरा ढिम्म. बघायला खरंच विचित्र वाटत होतं. क्लाराबाई पुढे सरकल्या. दिग्दर्शकाने तेव्हा बजावलं होतं, हेर रडली तर पकडली जाईल. म्हणून तिने रडू घशातच अडवलं होतं. हुंदके मागाहून, तिला न विचारता घातलेले.

"जेसिका, मागे ने. आवाज बंद कर."

आता नुसता चेहरा. तिने कप पुढे केला. नायकाने तो धरला, तरी तिची बोटं बशीवरून सुटेनात.

"अरे, घेऊ नकोस!" रॉबर्ट एकदम ओरडला आणि ओशाळला.

"का?" क्लाराबाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"तिला द्यायचाच नाहीये तो. बघ ना, सोडतेय कुठे?"

क्लाराबाई म्हणाल्या, "गाण्यात लाकूड होते. इथे नव्हते."

"मम्मी, तुम्ही स्वतः काय बोलला होतात इथे?" जेसिकाने विचारलं.

त्या ताठ बसल्या. "चाय ठंडी हो रही है." हेल पक्का निर्मळचा. सुरात रडणं नाही, पण ऐकताना रॉबर्टने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पुन्हा लाव."

पडद्यावरचे ओठ हलले आणि क्लाराबाई तेच वाक्य बोलल्या, पण ओठांच्या जरा मागे पडल्या.

"जमलं नाही. परत."

स्वयंपाकघरातून मुलाने, केनीने, जेवायला हाक मारली. कोणी उठलं नाही.