जांभळ्या कडेची शेंग

येशीने सतरा नंबरचं वाळलेलं झाड मुळासकट उपटलं आणि डॉक्टर गिझाचेव यांच्या नाकासमोर धरलं.

"मोजा."

"मोजून झालंय. झाडाला पाच शेंगा. बाकीच्या वाणांना अकरा-बारा. रेघ मार आणि पुढं चल."

"शेंगा नाही, डेखं मोजा, शेंगांचे देठ. दहा डेखं आहेत. पाच रिकामी."

डॉक्टरांनी झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. गोज्जामच्या डोंगरावरच्या त्या बियाणं-संशोधन केंद्रात वाटाण्याबाबत त्यांचाच शब्द शेवटचा. छत्तीस वाण पेरलेले, प्रत्येकाची दोरा बांधलेली पाच झाडं नमुन्याची, आणि कमी उत्पन्नाचे दहा वाण आज बाद व्हायचे होते. बाद झालेलं बी केंद्राच्या स्वयंपाकघरात जाई. तिथे त्याचं पीठ होई आणि दुपारी सगळे त्याचा शिरो, पिठल्यासारखं कालवण, इंजेऱ्याच्या आंबट घावनाला लावून खात.

सतरा नंबरचं बी येशीच्या आईच्या मडक्यातलं होतं. आई गेली तेव्हा मडक्याच्या तळाशी तीन मुठी उरलं होतं. गावात आता सगळे केंद्राचंच बी पेरतात, त्यामुळे दुसरीकडे कुठे ते मिळायचं नाही. सहा वर्षं खपून येशीने त्या तीन मुठींचा वाफा केला होता.

"आईची माया वजनकाट्यावर चढत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे केंद्र आहे, तुमच्या घरचं कोठार नाही."

"डेखं रिकामी का, ते सांगा."

"खाल्ल्या असतील तुझ्या खुरपणीवाल्यांनी. भुकेल्या जातीच्या."

हे मात्र येशीला झोंबलं. त्या मुलखात कोवळी शेंग कुणाच्याही शेतातली येता-जाता मूठभर तोडावी, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मालक उलट आणखी घे म्हणतो. पण केंद्राच्या फाटकावर बोर्ड होता, शेंगेला हात लावू नये. त्या बोर्डापायी डॉक्टरांनी अस्कालेताईला, बारा वर्षं खुरपणी करणाऱ्या बाईला, एका शेंगेसाठी चारचौघांत हाकलून दिलं होतं.

"अस्कालेताईला तुम्ही हंगामाच्या पहिल्याच शेंगेला घालवलंत," येशी म्हणाली. "त्यानंतर बायांना बांधावरही उभं राहू दिलं नाहीत. फाटकाची किल्ली दोघांकडे. तुमच्याकडे आणि माझ्याकडे."

"मग तू खाल्ल्यास."

सहा वर्षांत येशीने त्यातला एक दाणा जिभेवर ठेवला नव्हता. पेरायलाच पुरत नव्हतं, तर खाणार काय. आईच्या हातचा तो वाटाणा कसा लागायचा, हेही ती आता विसरत चालली होती. याचा तिला इतका संताप आला, की हातातलं झाड त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. तिने ते नीट नोंदींच्या वहीशेजारी ठेवलं.

"रेघ मार म्हटलं ना."

"पेन नाही माझ्याकडे."

"छत्तीस वाण सांभाळतेस आणि पेन नाही," असं म्हणत डॉक्टरांनी कोटाच्या खिशात हात घातला. तिथल्या गारठ्यात तो कोट पेरणीपासून मळणीपर्यंत अंगावरून उतरत नसे. पेन कशात तरी अडकलं होतं. त्यांनी हिसका दिला, तशी पेनाबरोबर चार-पाच वाळकी टरफलं उघड्या वहीवर पडली.

टरफलांच्या कडेला जांभळी रेघ होती. छत्तीसांत ती एकट्या सतरा नंबरला असते आणि वाळली तरी जात नाही.

डॉक्टर खाली बघत राहिले. रोज सकाळी नोंदी करायला ते त्याच नमुन्याच्या झाडांपाशी उभे राहत. तेही शेवटी खेड्यातलेच. डोळे वहीत असताना हात गेला असणार, आणि गेला तोही बरोबर जिथे गोड लागतं तिथेच.

"हे वाऱ्यानं..." ते म्हणाले आणि थांबले.

येशीने त्यांच्या हातातलं पेन घेतलं. वहीत शेवटचा रकाना नुकसानीच्या कारणाचा होता. वर कुठे मावा, कुठे भुरी, एके ठिकाणी उंदीर असं लिहिलेलं. सतरा नंबरपुढे तिने सावकाश लिहिलं, डॉक्टर गिझाचेव. मग वही त्यांच्याकडे फिरवली.

"सही करा. प्रत्येक पानावर लागते तुमची."

त्यांनी दोनदा वाचलं. मान खाली घालून सही केली.

"डेखं मोजून आण," ते म्हणाले. आवाज तसाच खरखरीत होता. "सगळ्या झाडांची."

"आणि अस्कालेताई?"

"सोमवारी ये म्हणावं." चार पावलं जाऊन ते वळले. "बोर्ड मात्र काढणार नाही मी."

"नका काढू," येशी म्हणाली. "येता-जाता वाचत जा."