झाकण म्हणून दिलेली लेन्स

मित्रांनो, आधी हात धुऊन या. साबण लावून धुवा, नुसते पाण्याखाली धरून पँटला पुसू नका. मग इथे बसा आणि माझी हकिगत ऐका. मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे. मुठीत मावेन एवढी लहान, काळी, पुढून काचेची. माझं निम्मं आयुष्य माणसांच्या बोटांनी नासवलं आहे, म्हणून सुरुवातीलाच बोलून घेते. तुम्हाला मी सोवळ्यातली खवट म्हातारी वाटेन. वाटू द्या.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा कणसुद्धा विचारल्याशिवाय आत येत नसे. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालत, हातमोजे घालत आणि माझ्या काचा बसवताना श्वासही जपून घेत. मला वाटलं, जग असंच असतं. मग मला खोक्यात घालून पुण्याला पाठवलं.

यज्ञेश्वर नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. लग्नाचे फोटो काढायच्या धंद्यात तो नवाच उतरला होता. सुरुवातीला त्याने माझे फार लाड केले. रबरी फुग्याने माझ्यावरची धूळ उडवायचा, मऊ फडक्याने काच टिपायचा, रात्री झाकण लावून ठेवायचा. पण मंगल कार्यालयात पाऊल टाकलं आणि माणूस काय चीज आहे ते मला कळलं.

हळदीच्या कार्यक्रमात कोणीतरी मूठभर हळद उधळली. ती माझ्या फिरत्या कडीत जाऊन बसली, अजून पूर्ण निघालेली नाही. "बघू बघू, कसा आलाय फोटो," म्हणत कुणाची तरी मावशी बासुंदीचा अंगठा सरळ माझ्या काचेवर टेकवायची. यज्ञेश्वर मग तोंडाने वाफ सोडून मला शर्टाच्या टोकाने पुसायचा. मठ्ठा आणि तंबाखू यांचा एकत्र वास तुम्ही कधी घेतला आहे का? घेऊ नका.

आणि वागणं तर विचारूच नका. अंतरपाट दूर होतो तो क्षण बघायला माणसं कुठून कुठून येतात. त्या क्षणी यज्ञेश्वर आणि त्याचा व्हिडिओवाला नेमके मधोमध उभे. पाहुण्यांना नवरा-नवरीऐवजी या दोघांच्या पँटचे मागचे खिसे दिसायचे. वर हुकूम, "हार परत घाला, या बाजूला बघून. हसा. आता खरं हसा." मंगळसूत्र पुन्हा पुन्हा बांधायला लावायचा. गुरुजी बिचारे घड्याळाकडे बघत बसायचे. मला शिसारी यायची, पण माझ्याकडे झाकायला पापण्या कुठे आहेत!

पुढे यज्ञेश्वरचा जम बसला. त्याने हातभर लांबीची लेन्स घेतली, ठिणग्यांचे फवारे घेतले, धूर सोडायचं यंत्र घेतलं. मी नकोशी झाले. एका लग्नातून निघताना त्याने बुंदीचा लाडू कागदी रुमालात गुंडाळून माझ्याच कप्प्यात कोंबला, वर ओली छत्री ठेवली आणि बॅग माळ्यावर टाकून दिली. तो लाडू आधी पाझरला, मग त्याला मुंग्या लागल्या, मग त्यावर हिरवट केस उगवले. ते केस माझ्याही काचेच्या कडेला चढले. बुरशी, मित्रांनो! जिला बनवताना माणसं श्वास जपून घेत होती, तिच्या अंगावर लाडवाची बुरशी.

शेवटी त्याने ती बॅग लाडवासकट बिबवेवाडीतल्या अवधूतच्या दुकानात विकली. अवधूत जुने कॅमेरे विकतो आणि नवे भाड्याने देतो. त्याच्या कपाटावर पाटी आहे, 'काचेला बोट लावू नये. लावल्यास पुसून जावे.' आणि हा गृहस्थ स्वतः भेळ खाता खाता त्याच बोटांनी गिऱ्हाइकाला लेन्स काढून दाखवतो. त्याने माझी बुरशी बरीचशी साफ केली, कडेला एक धागा राहिला तो राहिलाच. मग मला खालच्या फळीवर, तुटक्या पट्ट्यांच्या ढिगात ठेवून दिलं.

तिथेच एके दिवशी येरवड्याहून माहेनूर आली. सोबत तिची आई नजमा होती. माहेनूरने कुणाचा तरी जुना कॅमेरा घेतला होता, पण त्याला लेन्स नव्हती. पुढच्या भोकावर तिने रुमाल बांधला होता. रुमाल! मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला.

"मला वेडिंग फोटोग्राफी करायचीय," ती अवधूतला म्हणाली. "किती व्हिडिओ बघितले, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो ही घ्या, दुसरा म्हणतो ही घेणारे मूर्ख. छोट्या रूमला कुठली चालेल?"

तिच्या मावसबहिणीचं, आलिमाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी हॉलचा फोटोग्राफर आधीच सांगून ठेवला होता. पण आलिमाने घरात ठणकावलं होतं की बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको, तिथले फोटो माहेनूरच काढेल. नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. पोरीच्या जातीला हे कुणी सांगितलंय, असं मुलाची फुफी, म्हणजे आत्या, उघड म्हणाली होती. हे पहिलं काम बिघडलं असतं तर माहेनूरला दुसरं कुणी दिलं नसतं, आणि तिच्या कॅमेऱ्याची घरात शोभेची फुलदाणी झाली असती.

"सगळ्यात मोठी दाखवा, भाऊ," नजमा म्हणाली.

अवधूतने कपाटातून लांबलचक पांढरी लेन्स काढली. अर्थात भेळेच्या बोटांनी. "भाड्याने न्या. मोठ्या लेन्सला लोक नावं ठेवत नाहीत. फोटोला ठेवतात, पण ते नंतर."

"अम्मी, ही फार लांबून फोटो काढायची आहे," माहेनूर कुजबुजली. "आरशाच्या वेळी जवळ जावं लागेल ना."

ही आरशाची रीत तुम्हाला सांगायला हवी. निकाह झाल्यावर नवरा बायकांच्या बाजूला येतो. त्याला नवरीशेजारी बसवून दोघांच्या डोक्यावर एकच ओढणी धरतात, समोर कुराणशरीफ आणि एक आरसा ठेवतात. नवरा-बायको झाल्यावर एकमेकांचं तोंड ते पहिल्यांदा त्या आरशात बघतात. हल्ली दोघं आधी भेटलेले असतात, फोनवर बोललेले असतात, तरी त्या वेळी भल्याभल्यांना नजर वर करवत नाही म्हणे.

नजमाचा आवाज एकदम बदलला. "त्याच्यासाठीच सांगतेय. माझ्या लग्नात त्या फोटोग्राफरने आरशाचा फोटो काढला, तर आरशात नुसता पांढरा डाग. ना माझं तोंड, ना तुझ्या अब्बांचं. एवढासा कॅमेरा होता त्याचा, म्हणून झालं तसं. आता अब्बा नाहीत, आणि तो डाग बघत बसलेय मी. आलिमाच्या नशिबी ते नको. मोठी लेन्स घे, मोठा फ्लॅश घे."

माहेनूरने मान हलवली आणि ती पांढरी लेन्स, वर एक मोठा फ्लॅश भाड्याने घेतला. मला सगळं कळत होतं. तो डाग लहान कॅमेऱ्याचा नव्हता, फ्लॅशचा होता. आरशासमोर फ्लॅश उडवला की तो उलटा तोंडावरच येतो. मोठा फ्लॅश म्हणजे मोठा डाग. पण सांगणार कशी? मी खालच्या फळीवर पडून चरफडत राहिले.

निघताना माहेनूरने कॅमेऱ्याच्या भोकासाठी झाकण मागितलं.

"झाकण संपलंय," अवधूत म्हणाला. त्याने ढिगातून मला उचललं, फुंकर मारली आणि तिच्या हातात दिलं. "ही लावून ठेवा. तेवढीच धूळ जाणार नाही आत. पैसे नकोत, पडूनच आहे."

झाकण! बरणीला लावतात तसं! अपमानाने माझी काच तडकली कशी नाही, याचं मला नवल वाटतं.

लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्यावर अर्थातच पांढऱ्या बाईसाहेब चढल्या आणि माझी रवानगी माहेनूरच्या बॅगेत झाली. निकाह लागला, खजूर वाटले, आणि माहेनूरने आपल्या वाटणीचे दोन खजूर माझ्याच कप्प्यात टाकले. पुन्हा तेच! माणसांच्या खाण्याचं आणि माझं काय वैर आहे कोण जाणे. एक चिकट खजूर माझ्या कुशीला येऊन बिलगला.

बॅगेची चेन उघडी होती, त्यामुळे मला दिसत होतं. बायकांचं दालन ठेंगणं, वर दोन ट्यूबलाइट, खाली पाय ठेवायला जागा नाही. पांढऱ्या बाईसाहेब रोखल्या की समोरच्या बायका तोफ रोखल्यासारख्या आक्रसायच्या, नाहीतर ओढणीने तोंड झाकायच्या. बाईसाहेबांना चार हात दूर उभं राहिल्याशिवाय स्पष्ट दिसत नाही, आणि दूर जायचं तर मागे भिंत. माहेनूरच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात नवरा आला. शहेजाद नाव त्याचं. त्याला आलिमाशेजारी बसवलं, दोघांवर लाल ओढणी धरली, आरसा ठेवला. आरसा ठेवता ठेवताच माहेनूरने अंदाज घ्यायला एक फोटो काढला. फ्लॅश उडाला. नजमा तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावली आणि तिचा चेहरा उतरला.

आरशात पांढरा डाग होता.

"तोच," नजमा एवढंच म्हणाली.

माहेनूरने पडद्यावरचा तो डाग मोठा करून पाहिला. "अम्मी," ती हळूच म्हणाली, "तुझ्या वेळचा कॅमेरा लहान होता म्हणून नव्हे गं. हा फ्लॅश आहे. आरशात फ्लॅशच दिसतोय."

"अगं, आटपा आता!" फुफी ओरडली. "पोर कधीची मान खाली घालून बसलीय. हॉलवाल्याला बोलवा नाहीतर."

तेव्हा ओढणीखालून आलिमाचा आवाज आला. "कुणाला बोलवू नका. मी डोळे मिटलेत. माहेनूर आत आल्याशिवाय उघडणार नाही."

"मीपण मिटलेत," शहेजाद घाईघाईने म्हणाला. बायका हसल्या.

माहेनूरने पांढरी लेन्स काढून नजमाच्या हातात दिली. बॅगेत हात घातला. आधी खजूर हाताला लागला, मग मी. तिने मला कुर्त्याच्या बाहीला खसाखसा पुसलं आणि कॅमेऱ्यावर बसवलं. फ्लॅश बंद केला. गुडघ्यांवर सरकत ती ओढणीखाली शिरली.

मित्रांनो, अशी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. ट्यूबलाइटचा तो रोगट उजेड लाल ओढणीतून गाळून येत होता आणि चेहऱ्यांवर मऊ पडत होता. अत्तराचा आणि मेंदीचा वास होता. कुणी 'हसा' म्हटलं नाही, कुणी 'परत एकदा' म्हटलं नाही. माझ्या कडेला बुरशीचा धागा होता, बाहीची तुसं होती, खजुराचा चिकटा होता. पण मध्यभागी मी स्वच्छ होते, आणि हातभर अंतरावरचं, कमी उजेडातलंही मला स्पष्ट दिसतं.

"उघड," माहेनूर म्हणाली.

आलिमाने डोळे उघडले. आरशात शहेजाद ओठ दाबून हसू आवरत होता, ते तिला दिसलं, आणि तिचे डोळे भरून आले. तेवढं मी टिपलं. एकदाच.

जेवणं सुरू झाली तेव्हा माहेनूर कॅमेरा घेऊन अम्मीजवळ गेली. नजमा बिर्याणी खात होती. पांढरी लेन्स तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली होती. तिने पडद्यावर पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला.

"दोघांची तोंडं दिसतायत गं," ती म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली.

"बघू," म्हणत फुफीने मान वाकडी केली. "छान आलाय. लेन्स मोठी होती म्हणून."

"मोठी लेन्स तर अम्मीच्या मांडीवर होती, फुफी," माहेनूर म्हणाली.

फुफी बिर्याणीत मटणाची बोटी शोधायला लागली. नजमाने मात्र ताट बाजूला ठेवलं, दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या काचेवरून लाडाने फिरवले. मग ते हात स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडाकड बोटं मोडली. लेकराची दृष्ट काढतात तशी तिने माझी दृष्ट काढली. तिचा उजवा हात बिर्याणीच्या तुपाने माखलेला होता. पाची बोटं माझ्या तोंडावर उमटली.

माहेनूर मला पुसायला फडकं शोधू लागली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, राहू दे की थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बाईसाहेब अवधूतकडे परत गेल्या. "आणि ते झाकण?" त्याने विचारलं. "ते देणार नाही," माहेनूर म्हणाली. आता माझ्यासाठी कोरडा डबा आहे, रबरी फुगा आहे, मऊ फडकं आहे, आणि त्या डब्यात खाऊ ठेवायला नजमाने घरात सगळ्यांना बंदी केली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल. त्याला खाली काढा, कोरडं करा, आणि आकारावरून त्याची लायकी ठरवू नका. आणि माझ्याजवळ याल तेव्हा हात धुऊनच या. जिने त्या आरशातला डाग इतकी वर्षं एकटीने पाहिला, तिची तुपाची बोटं मी चालवून घेतली. तुमची चालवून घेणार नाही.