गाळलेली चार पानं

वाचनालयात तिला सगळे ‘वाळवी’ म्हणत, आणि तिला त्याचा मुळीच राग यायचा नाही. औषधाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, गॅसवर दूध तापेपर्यंत, जिथे सापडेल तिथे ती पुस्तकं फस्त करायची. दूध उतू जायचं, ते वेगळं.

दर वर्षी वाचनालयात ‘कथा-कादंबरीला सुट्टी’ नावाचा आठवडा असायचा. सोमवार ते रविवार पाच पुस्तकं वाचायची, त्यात गोष्टीचं एकही नाही: एक विज्ञानाचं, एक प्रवासाचं, एक चरित्र, एक इतिहासाचं आणि एक कुठल्यातरी कारागिरीचं. अट एकच, तीही वाचकाच्या इमानावर सोडलेली. एक पान जरी गाळलं तरी ते पुस्तक धरायचं नाही. पाचही सर्वांत आधी संपवेल तो पहिला. गेली तीन वर्षं वाळवी पहिली आली होती. निवृत्त मुख्याध्यापिका बाई तिन्ही वर्षं दुसऱ्या आल्या होत्या, आणि दुसरं येणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

यंदा मात्र वाळवीचं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते आणि गिऱ्हाइकांशी मनसोक्त भांडत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभही अडखळायला लागली. ‘पाणी’ म्हणायला गेले आणि तोंडातून ‘खुर्ची’ निघालं. भेटायला आलेले शेजारी फिस्सकन हसले. त्या दिवसापासून बाबांनी ओठ मिटले ते मिटलेच.

“शब्द आत आहेत,” उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. “पण त्यांनी प्रयत्नच केला नाही, तर दिवस जातील तसं अवघड होत जाईल. रोज तासभर काहीतरी वाचून दाखवा.”

तेव्हापासून वाळवीला एकच धास्ती होती. बाबांचा आवाज आपल्याला पुन्हा ऐकूच आला नाही तर?

स्पर्धेची पुस्तकंच वाचून दाखवायची, असा हिशेबी बेत तिने केला. सोमवारी ग्रहताऱ्यांचं पुस्तक सुरू केलं, तर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बुधवारी एका नावाड्याच्या चरित्रावर ते घोरायला लागले. शुक्रवारी प्रवासाचं पुस्तक संपलं, तेव्हा तिची तीन झाली होती. तेवढ्यात ग्रंथपाल खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात आले आणि औषधापेक्षा कडू बातमी देऊन गेले. “मुख्याध्यापिका बाईंचं चौथं संपलं हं!”

संध्याकाळी ती कारागिरीच्या कपाटापाशी धावली. मेणबत्त्यांचं, पुस्तकबांधणीचं, सगळी सडपातळ पुस्तकं लोकांनी पळवली होती. उरलं होतं एक जाडजूड: घड्याळदुरुस्ती. बाबा दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी तिने त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली होती. उजवा हात चालत नाही, पाहून जीव तुटायला नको. ‘घड्याळ’ हा शब्दसुद्धा ती घरात काढत नसे. हे पुस्तक स्वयंपाकघरात गुपचूप वाचायचं, असं ठरवून तिने ते घेतलं.

पण शनिवारी बाबांचा वाचनाचा तास आला आणि पुस्तक अर्धंसुद्धा झालं नव्हतं. त्या तासात दुसरं काही वाचणं म्हणजे हार कबूल करणं. तिने मन घट्ट केलं आणि त्यांच्यासमोर तेच पुस्तक उघडलं. बाबांनी मान वळवली हेही तिला दिसलं नाही, कारण तिची नजर पानांच्या आकड्यांवर होती. घड्याळाचं मागचं झाकण उघडून झालं. पुढे बारीक अक्षरांतली चार पानं होती. मग वाळवीने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. चारही पानं एकदम उलटली. बाबांना काय कळणार आहे?

“‘आता ही पट्टी काढून चाकं मोकळी करावीत...’”

“नाही!”

दाराशी कोणी आलं की काय म्हणून तिने मागे पाहिलं.

“स्प्रिंग!” बाबा उठून बसू पाहत होते, डावी मूठ गादीवर आपटत होते. “आधी... स्प्रिंग! दात... तुटतील!”

तिने पानं मागे उलटली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. चावी दिलेल्या स्प्रिंगचा जोर आधी हळूहळू उतरवायचा. तसंच उघडलं तर चाकं भरकन फिरतात आणि त्यांचे दात मोडतात.

“बाबा, पुस्तकाची चूक नाही. मी पानं गाळली,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

घरी सुरीने घड्याळ उघडून मग दुकानात आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते जसे बघायचे, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “वाच,” ते म्हणाले.

तिने वाचलं. बाबा दर दोन ओळींनी तिला थांबवत होते. “हे... चमचा... चमचा नाही...” त्यांनी कपाळावर हात मारला. ती जीभ दाताखाली धरून गप्प बसली. अख्खं मिनिट गेलं. “चिमटा!” ते म्हणाले आणि स्वतःच खदाखदा हसले. दिवेलागणीपर्यंत जेमतेम एकोणीस पानं झाली. इतकं हळू आणि इतक्या आनंदात तिने आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

रविवारी निकाल होता. “किती?” ग्रंथपालांनी विचारलं.

“साडेतीन.”

पाच पुस्तकं वाचलेल्या मुख्याध्यापिका बाईच जास्त गडबडल्या. “अगं, बरं नाही का तुला?”

“छान आहे मी,” वाळवी म्हणाली आणि बाईंना चक्क मिठी मारली. मग टाळ्या झाल्या, चहा झाला, बाईंनी पाचही पुस्तकांवर सविस्तर भाषण केलं. निघता निघता तासभर गेला. ती जवळजवळ पळतच घरी आली.

बाबा खुर्चीत बसले होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं, डाव्या हाताचं बोट काल जिथे थांबले होते त्याच ओळीवर होतं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“उशीर,” ते म्हणाले. मग थांबले, शोधलं, आणि त्यांना सापडलं. “किती... उशीर केलास!”

वाळवी चपलाही न काढता दारातच उभी राहिली. अजून थोडं रागवा ना, असं तिला म्हणायचं होतं.